आभार पुरे झाले

5 डिसेंबर 1938 या दिवशी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलला आले होते. तिथल्या राज्य विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली आणि त्यांनीही भाषणात या विद्यापीठाच्या उदारमतवादी परंपरेची तोंडभरून स्तुती केली. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या कचेरीत 28 वर्षांच्या एका मुलीचा अर्ज येऊन पडला होता. तिचं नाव पॉली मरे. चॅपल हिलच्या शेजारच्या डरहॅम शहरात, आजोळी, आजी-आजोबा आणि मावशीच्या हाताखाली ती वाढली. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून पदवी घेतली होती, आता समाजशास्त्रात पुढे शिकायचं होतं. रूझवेल्टांच्या भाषणातली स्तुती वाचून तिने थेट त्यांनाच पत्र लिहिलं आणि त्याची प्रत त्यांच्या पत्नीला, एलिनॉर यांना पाठवली. विद्यापीठाचं उत्तर 14 डिसेंबरचं आहे. तुमच्या वंशाच्या लोकांना या विद्यापीठात प्रवेश दिला जात नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

ही गोष्ट इथेच थांबली असती तरी पुरेशी होती. पण पॉलीची पणजी हॅरिएट ही त्याच परिसरातल्या स्मिथ नावाच्या घराण्यात गुलाम होती. मालकाच्या मुलाने तिच्यावर बलात्कार केला आणि त्यातून पॉलीची आजी कॉर्नेलिया जन्मली. तो मालक एकेकाळी या विद्यापीठाचा विश्वस्त होता. त्याची मुलगी मेरी रफिन स्मिथ हिने मृत्युपत्रात आपली जमीन या विद्यापीठाला लिहून दिली, आणि तिच्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळत राहिल्या. म्हणजे जमीन चालली, पैसा चालला. रक्ताच्या नात्याची मुलगी दाराशी आली तेव्हा मात्र तिचा वंश आठवला.

मी या विद्यापीठापासून अर्ध्या तासावर, केरी नावाच्या गावात राहते. रॉली, डरहॅम आणि चॅपल हिल मिळून होणाऱ्या या पट्ट्याला सगळे ट्रँगल म्हणतात. इथे आपली मराठी माणसं भरपूर आहेत, गणपती दणक्यात होतो. 2020 च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि त्यानंतर आमच्या आजूबाजूच्या विद्यापीठांमध्ये वांशिक न्यायावरच्या चर्चांना एकदम वेग आला. आधी झूमवर, मग सभागृहांत. त्यातल्या बऱ्याच चर्चा सर्वांना खुल्या असत. मी जायला लागले आणि जातच राहिले, कारण तिथे मला जे ऐकायला मिळत होतं ते इतकी वर्षं या राज्यात राहूनही कुणी सांगितलं नव्हतं.

पण या चर्चांचा एक ठरलेला सूर आहे आणि तो मला खुपतो. विषय कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राजकीय सहभागाचा असला की बोलणं हमखास मतदानाच्या टक्केवारीवर येतं. 2017 साली अलाबामात सिनेटच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली, तेव्हा एक्झिट पोलनुसार 98 टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या डग जोन्स यांना मत दिलं आणि ते थोडक्यात निवडून आले. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीनंतर तेच वाक्य ऐकू येतं, की ब्लॅक स्त्रियांनी लोकशाही वाचवली, त्यांचे आभार. व्यासपीठावरचं कुणीतरी ते म्हणतं, सभागृह टाळ्या वाजवतं, आणि त्या टाळ्यांमध्ये खरा प्रश्न वाहून जातो. ज्यांनी वाचवली त्यांच्या हातात पुढे काय आलं?

अशाच एका चर्चेत, शेवटच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई माइकपाशी आल्या. जांभळा कोट, हातात काठी, खांद्याला भली मोठी कापडी पिशवी. राज्याच्या ईशान्येकडच्या एका ग्रामीण काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं. त्यांनी प्रश्न विचारलाच नाही, आईची हकिकत सांगितली. आई रात्री जेवणाची भांडी आवरून त्याच टेबलावर राज्यघटनेची कलमं मोठ्याने वाचायची. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर नोंदणी अधिकाऱ्यासमोर राज्यघटनेतलं तो सांगेल ते कलम वाचून आणि लिहून दाखवावं लागे. आईने पाठ केल्यासारखी तयारी केली. अधिकाऱ्याने मधला एक शब्द उचलला, तुझा उच्चार चुकला म्हणाला, आणि वही मिटली. पुढच्या वेळी ती पुन्हा गेली. बाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्या मतांचे आभार मानता. माझ्या आईला आभार नको होते, तिला त्या टेबलाच्या पलीकडची खुर्ची हवी होती, जिथे बसून कोण पास आणि कोण नापास ते ठरतं."

सभागृहात टाळ्या पडल्या, पण त्या जरा उशिराने पडल्या.

घरी येऊन मी वाचायला बसले. त्याच भागातल्या नॉर्थॅम्प्टन काउंटीतल्या लुईझ लॅसिटर या कृष्णवर्णीय स्त्रीने ही वाचनपरीक्षा द्यायलाच नकार दिला होता. तिचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1959 मध्ये निकाल लागला आणि न्यायालयाने एकमताने सांगितलं की अशी परीक्षा घ्यायचा राज्याला अधिकार आहे, कारण नियम सर्वांना सारखाच लागू आहे. कागदावर तो सारखाच होता. समोर कोण उभं आहे ते पाहून कलम निवडणारा माणूस मात्र कागदात कुठेच नव्हता. पुढे 1965 च्या मतदान हक्क कायद्याने ही परीक्षा निरुपयोगी केली. तरी ते वाक्य आजही नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यघटनेत आहे, सहाव्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमात: नोंदणीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला घटनेचं कोणतंही कलम इंग्रजीत वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. 1970 मध्ये ते काढून टाकायचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला गेला होता, तो पडला.

ते कलम वाचताना मला माझी नागरिकत्वाची मुलाखत आठवली. त्यातही इंग्रजीतलं एक वाक्य वाचून दाखवावं लागतं आणि एक लिहावं लागतं. माझ्यासमोरची अधिकारी हसतमुख होती. वाचलेलं तिने मान डोलावून मान्य केलं, लिहिलेल्याकडे एक नजर टाकली, आणि पुढच्या निवडणुकीत मी मत दिलं. त्याच राज्यात, तशाच वाचून दाखवायच्या अटीवर, माझ्याआधी दोनेक पिढ्या एका शिक्षिकेच्या आईला हात हलवत परत यावं लागलं होतं. मुलाखतीसाठी जे 100 प्रश्न पाठ केले होते त्यांत मार्टिन ल्यूथर किंग यांनी काय केलं हा प्रश्न होता, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी यांनी काय केलं हाही होता. इतिहासाच्या प्रश्नांत एकाही कृष्णवर्णीय स्त्रीचं नाव नव्हतं.

एला बेकर यांचं नाव तरी असायला हवं होतं. त्यांचा जन्म 1903 चा, व्हर्जिनियातला, पण वाढल्या त्या नॉर्थॅम्प्टनच्या शेजारच्या लिटलटन गावात. रॉलीतल्या शॉ विद्यापीठातून 1927 मध्ये त्या वर्गात पहिल्या येऊन पदवीधर झाल्या. पुढे एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखा बांधत दक्षिणेतली गावं पालथी घातली. मग किंग यांच्या संघटनेचं कार्यालय चालवलं. तिथे सगळे निर्णय धर्मोपदेशक पुरुष घेत आणि पन्नाशी उलटलेल्या, संघटनेचा सर्वांत जास्त अनुभव असलेल्या या बाईकडे पत्रव्यवहार नि व्यवस्था सोपवली जाई. 1960 च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरोमध्ये विद्यार्थ्यांनी वूलवर्थ दुकानातल्या, फक्त गोऱ्यांनाच बसायला मिळणाऱ्या, खाण्याच्या काउंटरवर बैठक मारली, ते लोण पसरत गेलं, आणि बेकर यांनी ओळखलं की या मुलांना एकत्र आणलं नाही तर हे विरून जाईल. ईस्टरच्या सुट्टीत, 15 ते 17 एप्रिलला, त्यांनी आपल्या जुन्या विद्यापीठात, शॉमध्ये, परिषद भरवली. दोनशेवर जण आले. मोठ्या संघटनांना वाटत होतं की ही मुलं आपली युवा शाखा होतील. बेकर यांनी ते होऊ दिलं नाही. मुलांनी आपली संघटना आपणच काढावी, निर्णय आपणच घ्यावेत, एका मोठ्या नेत्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यातून एसएनसीसी, म्हणजे विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती उभी राहिली. पुढच्या पाच वर्षांत मिसिसिपी आणि अलाबामातल्या सगळ्यांत धोक्याच्या काउंट्यांमध्ये मतदार नोंदणीचं काम करणारी हीच मुलं होती.

मी शॉ विद्यापीठात मुद्दाम जाऊन आले. रॉलीच्या मध्यवस्तीत, उंच इमारतींच्या पायथ्याशी, लहानसं आवार आहे. 1865 मध्ये सुरू झालेलं विद्यापीठ. मोठ्या संशोधन विद्यापीठांचा पैसा तिथे नाही, हे पायऱ्यांवरच्या उखडलेल्या विटांवरूनही कळतं. वांशिक न्यायावरचे मोठे परिसंवाद जिथे झडतात त्या सभागृहांत गालिचे असतात. ज्या खोल्यांत खरोखर काहीतरी ठरलं त्या अशा होत्या.

ग्रीन्सबरोची गोष्टही तशीच अर्धवट सांगितली जाते. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या विद्यापीठाचे चार विद्यार्थी 1 फेब्रुवारी 1960 रोजी काउंटरवर जाऊन बसले, हे पाठ्यपुस्तकात आहे, त्यांचा पुतळाही आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच शहरात बेनेट कॉलेज आहे, कृष्णवर्णीय मुलींचं. त्याच आठवड्यात बेनेटच्या मुली काउंटरवर येऊन बसू लागल्या होत्या, आणि असं काहीतरी करायची चर्चा आमच्या आवारात आदल्या वर्षीच चालू होती, असं तिथल्या माजी विद्यार्थिनी सांगत आल्या आहेत. प्राचार्य होत्या विला प्लेयर. 1958 मध्ये किंग यांच्या भाषणाला ग्रीन्सबरोत कुणी जागा द्यायला तयार नव्हतं, तेव्हा प्लेयर यांनी बेनेटचं सभागृह उघडून दिलं. 1963 मध्ये त्यांच्या मुली मोठ्या संख्येने अटकेत गेल्या, तेव्हा मुलींना परत बोलवा म्हणून त्यांच्यावर दडपण आलं. त्यांनी बोलावलं नाही. उलट त्या स्वतः मुलींना भेटायला गेल्या आणि अभ्यास तिथे पोचेल अशी सोय केली. वांशिक न्यायात विद्यापीठाने काय करायचं असतं हा प्रश्न चर्चांमध्ये फार गुंतागुंतीचा करून विचारला जातो. प्लेयर यांच्यापुढे तो आला तेव्हा त्यांनी आधी दार उघडलं, मग मुलींच्या वह्यापुस्तकांची काळजी घेतली.

1960 च्या जुलैत वूलवर्थने अखेर माघार घेतली. काउंटरवर पहिल्यांदा कुणाला वाढलं? दुकानाच्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना. जिनीव्हा टिसडेल ही त्यांतली एक. जिथे बसायची तिला मुभा नव्हती त्याच काउंटरमागे ती रोज राबत होती. आज त्या इमारतीत नागरी हक्कांचं संग्रहालय आहे.

पुन्हा पॉली मरेकडे येते, कारण तिच्या पुढच्या प्रवासात आणखी एक दार आहे. (मरेच्या खाजगी कागदांत स्वतःच्या लिंगभावाबद्दल आयुष्यभराची घालमेल आहे. जाहीर लेखनात तिने स्वतःला स्त्रीच म्हटलं, म्हणून मीही तसंच लिहिते आहे.) चॅपल हिलने नाकारल्यावर ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकायला गेली. कृष्णवर्णीयांचं नामांकित विद्यापीठ, नागरी हक्कांचे मोठमोठे वकील तिथे घडत होते. वर्गात ती एकटी मुलगी. बायका कायदा शिकायला का येतात कळत नाही, असं एका प्राध्यापकाने पहिल्याच दिवशी वर्गात म्हटलं आणि वर्ग हसला. वंशभेदाच्या कायद्यांना जिम क्रो म्हणत, या दुसऱ्या भेदाला मरेने नाव दिलं जेन क्रो. 1944 मध्ये ती वर्गात पहिली आली. पहिल्या आलेल्यांनी पुढे हार्वर्डला जायचं, अशी रीत होती. हार्वर्डने कळवलं की आमच्याकडे प्रवेशाला पात्र असलेल्या लिंगाच्या तुम्ही नाही. एका विद्यापीठाने वंशावरून अडवलं, दुसऱ्याने बाई म्हणून.

हॉवर्डमध्ये असतानाच, 1943 मध्ये, तिथल्या विद्यार्थिनींनी वॉशिंग्टनमधल्या लिटल पॅलेस कॅफेटेरियात शांतपणे बैठक मारली होती. मुलगे मोठ्या संख्येने युद्धावर गेलेले होते, त्यामुळे पुढाकार मुलींचा होता आणि मरे सल्ला द्यायला होती. सत्याग्रहाचं तंत्र ती आधीपासून अभ्यासत होती. 1940 मध्ये व्हर्जिनियात बसमधल्या जागेवरून अटक झाली, तेव्हा तिने आणि तिच्या मैत्रिणीने तुरुंगात जमेल तसं तेच वापरून पाहिलं होतं. हे सगळं ग्रीन्सबरोच्या कितीतरी आधीचं. आणि वर्गातल्या चर्चेत तिने मांडलं होतं की 'वेगळे पण समान' (म्हणजे सोयी समान असल्या की वंशांना वेगळं ठेवलं तरी चालतं) हे तत्त्वच मुळात खोडून काढलं पाहिजे, सोयी खरोखर समान आहेत का हे मोजत बसण्यात अर्थ नाही. वर्ग तेव्हाही हसला. ते तत्त्व 25 वर्षांत मोडेल अशी तिने प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी 10 डॉलरची पैज लावली. दहा वर्षांनी, ज्या खटल्याच्या 1954 च्या निकालाने शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवला त्याच्या तयारीत, याच रॉबिन्सन यांनी तिचा याच विषयावरचा जुना निबंध शोधून काढून वाचला. तिला हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

विद्यापीठातल्या चर्चेतून काय निष्पन्न होतं, असं मला घरचे लोक विचारतात. मी त्यांना या निबंधाबद्दल सांगते. निष्पन्न होतं, फक्त ज्यांनी विचार मांडला त्यांचं नाव वाटेत गळतं.

चॅपल हिलच्या विद्यापीठाने 1978 मध्ये मरेला मानद पदवी देऊ केली. तोवर ती नावाजलेली कायदेपंडित होती, एपिस्कोपल चर्चची दीक्षित धर्मोपदेशक झालेली होती. तिने पदवी नाकारली. राज्यातली विद्यापीठं वंशभेद निपटून काढण्याच्या संघराज्य सरकारच्या योजनेला विरोध करत होती आणि अशा वेळी ती पदवी घेणं तिला पटेना. 2020 मध्ये तिथल्या समाजशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र विभागांनी जाहीर केलं की आपल्या इमारतीला आपण यापुढे पॉली मरे हॉल म्हणणार. त्या इमारतीवर गोऱ्यांच्या वर्चस्वाचं समर्थन करणाऱ्या एका इतिहासकाराचं नाव आहे. विभागांनी म्हटलं खरं, पण इमारतीचं नाव बदलण्याचा अधिकार विश्वस्तांचा.

2021 मध्ये याच विश्वस्तांपुढे निकोल हॅना-जोन्स यांच्या नेमणुकीचा विषय आला. गुलामगिरीच्या इतिहासावरच्या कामासाठी पुलित्झर मिळालेली पत्रकार, याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. ज्या अध्यासनावर त्यांना बोलावलं होतं त्यावर आधीच्यांना कायम नेमणूक मिळाली होती. विभागाने शिफारस केली, विश्वस्तांनी विषय लटकवून ठेवला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे 30 जूनला 9 विरुद्ध 4 मतांनी मंजुरी मिळाली. हॅना-जोन्स यांनी ती नाकारली आणि त्या हॉवर्डला गेल्या. ज्या आठवड्यांत विश्वस्त गप्प होते, त्या आठवड्यांतही विद्यापीठात वांशिक न्यायावरच्या चर्चा चालू होत्या. मी एकीला हजर होते. वक्ते कळकळीचे होते, बोलले ते सगळं खरं होतं. पण निर्णय ज्या खोलीत होणार होता त्या खोलीतलं कुणी तिथे नव्हतं. पुढे 2024 च्या मे महिन्यात राज्याच्या विद्यापीठांच्या नियामक मंडळाने विविधता आणि समावेशाचं जुनं धोरणच रद्द केलं. कार्यालयं बंद झाली, माणसं हलवली गेली. आता अशा चर्चा कमी होतात आणि झाल्या तरी त्यांची शीर्षकं जपून लिहिलेली असतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्या चर्चा अपुऱ्या होत्या म्हणून मी त्यांच्यावर रागावत होते, त्या नकोत असं मला कधीच वाटलं नाही.

आमच्या मंडळातल्या एका ओळखीच्या काकांनी मला विचारलं, "अगं, हा त्यांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध?" काका भले आहेत, 1970 च्या दशकात इथे आले. मी त्यांना म्हटलं, काका, मतदान हक्क कायद्यावर 6 ऑगस्ट 1965 ला सही झाली आणि वंशावर बेतलेले देशांचे कोटे काढून टाकणाऱ्या स्थलांतर कायद्यावर 3 ऑक्टोबर 1965 ला. दोन महिन्यांचंही अंतर नाही. ज्या चळवळीने पहिला कायदा आणला तिनेच दुसऱ्यासाठी हवा तयार केली. त्याआधी भारतासारख्या देशातून वर्षाला शंभरेक माणसांनाच येता येत होतं. आपण इथे आलो ते त्या दारातून. आणि आपल्याकडे तर हा संबंध फार आधी ओळखलेला होता. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना अर्पण केलं, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. 1946 मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं की कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मिळेल का. काका ऐकून घेत होते. पुढच्या कार्यक्रमाला येतो म्हणाले आणि आलेही.

काकांना मी ग्रीन्सबरोला घेऊन गेले होते. ए अँड टीच्या आवारात लॉरेल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. साधा, दोन बाजूंना झाडं, मुलं पाठीवर दप्तरं घेऊन ये-जा करत असतात. 2016 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, मतदारसंघ नव्याने आखले तेव्हा सीमारेषा या रस्त्यावरून नेली. देशातलं विद्यार्थिसंख्येने सगळ्यांत मोठं कृष्णवर्णीय विद्यापीठ, त्याचे दोन तुकडे. रस्त्याच्या एका बाजूच्या वसतिगृहातली मुलं सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूची तेराव्यात. दोन्हीकडे त्यांची मतं बुडून जातील अशी आखणी. खोली बदलली की मतदारसंघ बदले, आणि नोंदणी नव्याने तपासावी लागे. 2020 च्या निवडणुकीआधी न्यायालयामुळे नकाशा बदलला आणि आवार पुन्हा एक झालं. त्याच 2016 च्या आखणीचा फटका अल्मा अ‍ॅडम्स यांनाही बसला होता. बेनेट कॉलेजात 40 वर्षं चित्रकला शिकवून त्या काँग्रेसमध्ये गेल्या होत्या. त्यांचा मतदारसंघच ग्रीन्सबरोतून उचलून शार्लटला नेला गेला, आणि निवडून येण्यासाठी त्यांना आयुष्याचं शहर सोडून तिकडे घर करावं लागलं.

त्या रस्त्यावर उभं राहून काका बराच वेळ इकडे-तिकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मत द्यायला कुणी अडवलं नाही, पण त्याची किंमत काढून घेतली." सभागृहातल्या चर्चांमध्ये हे इतकं नेमकं मी फार कमी वेळा ऐकलं आहे.

2020 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश शेरी बीझली यांची निवडणूक होती. या राज्यात न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. सुमारे 54 लाख मतांमध्ये त्या 401 मतांनी हरल्या. त्या निवडणुकीत मी फोन करायच्या कामाला होते. टपालाने आलेल्या मतपत्रिकेच्या पाकिटावर मतदाराची सही राहिली, साक्षीदाराचा पत्ता अर्धवट लिहिला, की ते मत बाजूला पडतं, आणि ठरलेल्या मुदतीत मतदाराने दुरुस्ती केली तरच मोजलं जातं. यादीतल्या माणसांना फोन करायचा, काय राहिलंय ते सांगायचं, कुठला कागद भरायचा ते समजावायचं. एक बाई रात्रपाळी करून झोपलेल्या होत्या, त्यांना मुलीने उठवलं. त्यांनी पाकीट स्वतः भरलं होतं, सही शेजारणीची घेतली होती, पण शेजारणीने पत्ता लिहिला नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला सगळं पुन्हा सांग, मी लिहून घेते." मी सांगितलं, त्यांनी ओळ न् ओळ मला वाचून दाखवली. 401 हा आकडा जाहीर झाला तेव्हा मला त्या यादीतले न उचललेले फोन आठवत राहिले.

या कामाला कुणी परिसंवादाचा विषय करत नाही. पण हेच काम एला बेकर यांच्या लिटलटनच्या आसपास पिढ्यान् पिढ्या बायका करत आल्या आहेत. तिथल्या वॉरन काउंटीतल्या ईव्हा क्लेटन 1968 मध्ये काँग्रेससाठी उभ्या राहिल्या आणि प्राथमिक फेरीतच हरल्या. प्रचाराच्या निमित्ताने त्यांनी गावोगाव मतदार नोंदवले. पुढे त्या काउंटीच्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. 1992 मध्ये त्या काँग्रेसवर निवडून गेल्या, नॉर्थ कॅरोलायनाची पहिली कृष्णवर्णीय स्त्री. 1901 मध्ये जॉर्ज हेन्री व्हाइट पायउतार झाल्यापासून या राज्यातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी गेला नव्हता. क्लेटन आणि मेल वॉट एकाच निवडणुकीत गेले. पहिल्या पराभवापासून तोपर्यंत 24 वर्षं. अमेरिकी सिनेटमध्ये एका वेळी दोन कृष्णवर्णीय स्त्रिया बसायला 2025 उजाडावं लागलं, आणि राज्यपालपदी तर 2025 संपेपर्यंत देशातल्या एकाही राज्यात कुणी निवडून आलेली नाही.

जांभळ्या कोटाच्या त्या बाईंशी माझा फोन चालू असतो. त्यांच्या काउंटीत मतदान केंद्रावर काम करायला माणसं कमी पडतात. जुन्या बायका थकल्या आहेत, तरुण शहरात निघून गेल्या. त्यासाठी प्रशिक्षण असतं, नागरिक असलेल्या आणि तिथे नोंदणी असलेल्या कुणालाही ते घेता येतं, कामाचे थोडे पैसेही मिळतात. माझी नोंदणी तिथली नाही, म्हणून टेबलामागे मी बसू शकत नाही. पण चर्चच्या तळघरात बाई दर महिन्याला एक बैठक घेतात, नवीन मुलींना यादी कशी वाचायची, पत्त्याचा घोळ कसा सोडवायचा, मतदाराला परत पाठवायची वेळ आली तर आधी कुणाला फोन करायचा हे शिकवतात. विद्यापीठातल्या दोन प्राध्यापिका आता तिकडे येऊ लागल्या आहेत, मागच्या रांगेत वही घेऊन बसतात. कॉफीची आणि कागदांची जबाबदारी मी घेतली आहे. पुढची बैठक शनिवारी आहे, केरीहून गाडीने दीड तास लागतो, आणि परतीला अंधार होतो. काका येणार आहेत. मागच्या सीटवर दोघांची जागा आहे.